लोम असावा

ता. ९ सप्टेंबर

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, म्हणजे माझंच पत्र तुझ्या लाल शाईसकट परत पोचलं. बाकीच्या आत्या भाचीची खुशाली विचारतात, माझी आत्या माझ्या खुशालीतल्या वेलांट्या दुरुस्त करून पाठवते. बाबा म्हणतात, छापखान्यातली प्रुफं तपासायची नोकरी सुटली, पण ताईची सवय काही सुटली नाही. फोन करावा तर तू म्हणतेस, फोनवर ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येत नाही. तेव्हा घे, तुझ्या लाल पेनाला आणखी थोडं खाद्य.

मला यंदा चौथीचा वर्ग मिळालाय. चाळीस पोरं आणि एक पंखा, तोही माझ्या बाजूला न वळणारा. त्यातल्या एका मुलीला सगळे रेडिओ म्हणतात. सकाळी वर्गात शिरल्या शिरल्या तिचं प्रसारण सुरू. कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली, पाण्याच्या टाकीचं झाकण कुणी उडवलं, कोणत्या बाईंनी चष्मा बदलला, सगळं ताजं आणि क्रमवार. सुरुवातीला मी तिच्या वाचनावरही खूश होते. धडा खडाखडा म्हणायची. मग एक दिवस मी तिच्या बाकामागून गेले, तर पुस्तक उलटं होतं आणी धडा सुलटा चालला होता.

मी फळ्यावर एक साधा शब्द लिहून तिला वाचायला सांगितलं. शब्द होता घर. ती म्हणाली धर. मग म्हणाली घर. मग माझ्या चेहऱ्याचा अंदाज घेत म्हणाली की बाई, तुम्हाला यातला कोणता हवाय तेवढं सांगा. वर्ग खो खो हसला. तीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. भ आणि म, घ आणि ध यांच्यात तिची रोज गफलत होते. काल ओळखलेला शब्द आज तिला अनोळखी असतो. तिची आई बस चालवते. ती मला म्हणाली की आजवर सगळ्यांनी सांगितलं पोरगी आळशी आहे, म्हणून मीही रागावत आले, आता रागावायचाही कंटाळा आला.

सुट्टीत मी एका शिबिराला गेले होते ना, तिथे याला डिस्लेक्सिया म्हणतात असं सांगितलं होतं. अक्कल कमी नसते, डोळे ठणठणीत असतात, फक्त अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ लवकर पडत नाही. नीट तपासणी तज्ज्ञांकडून करायची असते. तिच्या आईने नाव नोंदवलंय, नंबर यायचाय. अशी मुलं नेहमीच्या वर्गात इतरांबरोबर शिकू शकतात, असंही शिबिरात सांगितलं. चाळीस जणांच्या वर्गात ते नेमकं कसं करायचं, हे सांगायच्या आत जेवणाची सुट्टी झाली.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वाईट नाहीत, पण नियमाला पक्क्या. त्यांनी ठरवलंय की वर्ष संपायच्या आत तिने पाठ नसलेला मजकूर त्यांच्यासमोर वाचून दाखवायचा. नाही जमलं तर तिला दुसरीत बसवायचं. आत्या, दुसरीच्या बाकाखाली तिचे गुडघेसुद्धा मावणार नाहीत. आणि हे तिला कळलंय. तिला सगळंच कळतं. तेव्हापासून सकाळचं प्रसारण बंद आहे.

लोभ आहेच, तो लाल शाईसकट असू दे.
तुझी भिंगरी

~

ता. १७ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि सोबत तुझे पत्र तपासून परत.

परिस्थिती चिंताजनक आहे. "आणि" मधली णि पहिली असते, हे तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून सांगते आहे. उलट्या पुस्तकाचे वाक्य इतके छान होते, की त्यात दुसरी णी पाहून दाताखाली खडा आला. माया कितीही असो, शुद्धलेखनाच्या चुका असलेली माया मला चालत नाही, हे तुला ठाऊक आहे.

डिस्लेक्सिया हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. आधी वाटले, कुंडीत लावायचे झाड असावे. माझे मत विचारशील तर नव्या नावाने जुना आळस लपत नाही. पण आळशी माणूस अख्खा धडा ऐकून पाठ करत बसेल, हे काही मला पटेना. वाचण्यापेक्षा ते दुप्पट कष्टाचे आहे. तेव्हा माझे मत तूर्त राखून ठेवते.

आम्ही छापखान्यात काय करायचो ते सांगते. हा सल्ला नव्हे, आपले आठवले म्हणून. एक जाड पुठ्ठा ओळीखाली धरायचा आणि खालचा मजकूर झाकून टाकायचा, कारण डोळ्याला पुढे पळायची खोड असते. आणि जोडीने बसायचे. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून सरकत जायचे. माझा जोडीदार इतक्या संथ सुरात वाचायचा, की एकदा स्वतःच्याच वाचनाने त्याला झोप लागली. मी मात्र बोट उचलले नाही.

त्या मुलीचे प्रसारण बंद पडले हे वाचून जिवाला लागले. आधी तेवढे सुरू कर. वेलांट्यांचे मग पाहू.

लोभ वाढवावा, चुका कमी कराव्यात.
तुझी आत्या

~

ता. ६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. ("आणि"ची णि पहिली घातली आहे. बघ आणि शांत हो.)

तू सल्ला दिला नव्हतास, तो मी घेतला. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी फट पाडली. त्या फटीतून एकच ओळ दिसते, बाकी पान झाकलेलं. पण तो पुठ्ठा एकट्या रेडिओच्या हातात दिला असता, तर तिच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवल्यासारखंच झालं असतं. म्हणून सगळ्या वर्गालाच पुठ्ठे कापायला बसवलं. त्यांना आम्ही खिडक्या म्हणतो. आता वर्गात खिडक्यांचं वेड लागलंय. एकाने आपल्या खिडकीला कापडाचे पडदे लावलेत. एकीने गणिताच्या तासालाही खिडकी मागितली. माझ्याकडे खिडकीतून बघणाऱ्यांना मी अजून आवरू शकलेले नाही. रेडिओची खिडकी निळी आहे आणि ती त्यातून खरंच वाचते. हळू वाचते, अडखळते, पण पुस्तक सुलटं असतं.

दुसरं म्हणजे वाळूचं ताट. बोटाने अक्षर गिरवायचं आणि गिरवताना मोठ्याने त्याचा आवाज काढायचा. भ म्हणताना तळहात तोंडासमोर धरला की वाफ लागते, म म्हणताना ओठ मिटतात आणि नाक गुणगुणतं. सगळा वर्ग एका सुरात भ भ करू लागला, तेव्हा शेजारच्या वर्गाच्या बाई धावत आल्या, इकडे कुत्रं शिरलंय का विचारायला. फळ्यावर मी वेलांट्या लाल खडूने काढते. ओळींत भरपूर जागा सोडते. एकेकट्याने उभं राहून वाचणं बंद करून टाकलंय, सगळे जोडीने वाचतात. गंमत म्हणजे आणखी चार-पाच पोरं, ज्यांच्याबद्दल मला कधी शंकाही आली नव्हती, ती सुटकेचा श्वास टाकून वाचायला लागली.

आता मुख्य बातमी. प्रसारण सुरू झालंय, पण भिंतीवर. आम्ही वर्गाचं भित्तिपत्रक काढतो. रेडिओ बातम्या सांगते आणि तिच्या शेजारी बसणारी, सुवाच्य अक्षराची मुलगी त्या उतरवून घेते. तिला सगळे कारकून म्हणतात. कारकुनाने वाक्य बदललं तर रेडिओ भांडते. तिच्याइतकी काटेकोर संपादक मी पाहिली नाही. पहिला अंक सोबत पाठवते. तू तो तपासून द्यावास, अशी संपादक मंडळाची विनंती आहे. मी त्यांना सांगून ठेवलंय की ही आजी फार कडक आहे. ती पोरं तर भलतीच खूश झाली.

माया बिनचूक आहे, अक्षर तेवढं घाईचं.
भिंगरी

~

ता. १५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अंक तपासला. लाल शाई बरीच लागली. त्यात कारकुनाचा दोष कमी, तुझा जास्त, कारण मथळे तू लिहिले आहेस हे अक्षरावरून कळते.

मुलांना माझ्या खुणा कळाव्यात म्हणून लिहिते. शब्दांमधला उभा बाण म्हणजे इथे काहीतरी राहिले आहे, आत घ्या. नागमोडी आकडा म्हणजे दोन अक्षरांनी जागा बदलल्या आहेत, त्यांना परत आपापल्या घरी पाठवा. शेपटी असलेले वेटोळे म्हणजे हे जास्तीचे आहे, काढून टाका. आणि एखाद्या शब्दाखाली ठिपके दिले असतील, तर त्याचा अर्थ असा की आधी मला ही चूक वाटली होती, पण आहे ते तसेच राहू द्या. हे ठिपके मी उभ्या नोकरीत फार थोड्या वेळा दिले. अक्षरांचे खिळे जुळवणारे जुळारी म्हणायचे, बाईंचे ठिपके मिळाले की पेढे वाटावेत.

टाकीच्या झाकणाची बातमी कोणी सांगितली? "झाकण सापडले, पण झाकण उडवणारा सापडला नाही, तो आमच्याच वर्गात आहे." असे कोणी लिहिले? ज्याला वाक्य कुठे थांबवावे हे कळते, त्याला भाषा येते. भल्या भल्या लेखकांना मी ते समजावू शकले नाही. त्या वाक्याखाली मी ठिपके दिले आहेत. चूक काहीच नव्हती, तरी दिले.

मी मवाळ झाले असा अर्थ काढू नकोस.
लोभ आहे, तो तपासलेला आहे.
आत्या

~

ता. २४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ते वाक्य रेडिओचं होतं. मी तिला तुझ्या ठिपक्यांचं सांगितलं. मग विचारते, की या आजी रोज चुकाच तपासायच्या का. मी हो म्हटलं. मग विचारते, चुका लहान मुलांच्या होत्या का. मी म्हटलं, छे, मोठ्यांच्या, लेखकांच्या, प्राध्यापकांच्या. झालं, मधल्या सुट्टीत शाळाभर बातमी पसरली, की मोठी माणसं इतक्या चुका करतात की त्यासाठी पगारी माणूस ठेवावा लागतो.

तुझ्या खुणांनी वर्ग झपाटलाय. दोन मुलं बाकावर जागा बदलून बसली होती, तर बाकावर खडूने नागमोडी आकडा निघाला. ठिपके सगळ्यांत लाडके. रेडिओने ते वहीवरच्या नावाखाली दिले, खिडकीवर दिले, कारकुनाच्या तिरक्या भांगाखाली म्हणून तिच्या कपाळावरही दिले.

आता वाईट बातमी. सहामाही परीक्षा झाली. परिसर अभ्यासाची प्रश्नपत्रिका बारीक टाइपात, ओळीला ओळ चिकटलेली. टाकीत पाणी कुठून येतं, ते स्वच्छ कसं होतं, नळापर्यंत कसं पोचतं असे प्रश्न. अगं, हे सगळं रेडिओने मला टाकीवर चढून समजावलंय. पण प्रश्नच वाचता येईनात, आणि मला शेजारी उभं राहायची परवानगी नव्हती. तिने कोरा कागद दिला. अगदी कोरा नव्हता. शेवटच्या ओळीखाली तिने शिस्तीत ठिपके काढले होते. आहे ते तसेच राहू द्या.

मी आधी हसले. मग शिक्षकखोलीत जाऊन कपाटाकडे तोंड करून रडले. मोठ्या बाईंना ठिपक्यांचा अर्थ मी समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, अर्थ कळला, पण गुण शून्यच. दुसरीचं त्यांनी पुन्हा बजावलं. मी म्हटलं, तोंडी विचारून बघा. तर म्हणाल्या, आधी मजकूर वाचून दाखवू दे, मग पुढचं बोलू.

एवढ्या कटकटीतही त्या तुझ्यावर खूश आहेत हं. आमच्या भित्तिपत्रकात एकही चूक नसते, हे त्यांच्या डोळ्यांत भरलंय. फेब्रुवारीतल्या पालकसभेची सूचना छापायची आहे, ती छपाईआधी तुझ्याकडूनच तपासून हवीय. सोबत प्रूफ पाठवलंय. कर गं एवढं.

तुझ्या लोभाची आज जरा जास्त गरज आहे.
भिंगरी

~

ता. २ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक पाठीवर थाप.

तुझ्या पत्रात आज तीन चुका होत्या. खूण केली नाही. रडून लिहिलेले पत्र मी तपासत नाही.

मोठ्या बाईंना माझ्यातर्फे एक विचार. परीक्षा टाकीची होती की टाइपाची? टाकीची असेल, तर त्या मुलीला प्रश्न वाचून दाखवावा आणि उत्तर ऐकावे. चष्मा लावून परीक्षेला बसलेल्या मुलाला आपण चष्मा काढायला सांगत नाही. वाचनाची परीक्षा वाचनाच्या दिवशी खुशाल घ्या, मोठ्या अक्षरांत घ्या आणि घड्याळ खिशात ठेवून घ्या. आधी मी आळस म्हटले होते, ते मत शेपटीचे वेटोळे काढून रद्द करते.

सूचना तपासली. निर्दोष आहे. छपाईला हरकत नाही, तशी सही करून परत पाठवते. छापील मजकुरातली चूक माझ्या नजरेतून आजवर सुटलेली नाही, हे त्यांना सांगायला हरकत नाही. शेखी म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

लोभ आहे. रेडिओलाही त्यातला थोडा द्यावा.
आत्या

~

ता. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत बस. चष्मा लाव. पाणी जवळ ठेव.

काल सकाळी पालकसभेच्या सूचनेचे गठ्ठे छापून आले. आम्ही सगळ्या शिक्षिकांनी सूचना वाचली, मोठ्या बाईंनी दोनदा वाचली आणि कागद चांगला निघाला म्हणाल्या. मग त्यातलीच एक प्रत घेऊन तडक माझ्या वर्गात आल्या. म्हणाल्या, हा मजकूर कुणाला पाठ असणं शक्य नाही, रेडिओने हाच वाचावा, आत्ताच. एकटीला उभं करू नका म्हणून मी विनवलं. तेवढं त्यांनी ऐकलं आणि तिला बसून वाचायला सांगितलं. तुझा प्रश्न मी त्यांना पोचवला होता, त्यामुळे असेल, घड्याळही बघितलं नाही.

रेडिओने निळी खिडकी काढली. पहिली ओळ लागायला इतका वेळ गेला, की मी नखं कुरतडायला लागले. दुसरी ओळ. मग तिसरी. सर्व. पा-ल-कां-नी. आपल्या. आणि मग ती म्हणाली, पालींसह.

वर्ग फुटला. पोरं बाकावर आडवी पडून हसली. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. कारकुनाने तिच्या कानात पाल्यांसह असं सांगितलं, तर रेडिओने तिला कोपराने ढकललं. एरवी हसू झालं की ती आधी स्वतः हसते आणि मग शब्द बदलते. काल बदलला नाही. तिने खिडकी परत त्या शब्दावर आणली, ल खाली बोट ठेवलं, वेलांटी गिरवली, आणि पुन्हा म्हणाली, पालींसह. मोठ्या बाई म्हणाल्या, नीट बघ. ती म्हणाली, नीटच बघतेय, तुम्ही पण बघा. तिचे कान लाल होते, पण बोट हललं नाही.

मी कागद घेतला. आत्या, सूचनेत स्वच्छ छापलंय, की सर्व पालकांनी आपल्या पालींसह सभेस वेळेवर उपस्थित राहावे.

मोठ्या बाईंनी कागद माझ्या हातून घेतला, दूर धरला, जवळ धरला. मग जे हसायला लागल्या, ते त्यांना भिंतीला टेकावं लागलं. त्या कधी हसतात हेच मला माहीत नव्हतं. डोळे पुसून म्हणाल्या, सगळ्या शाळेने वाचली ती सूचना वेगळी होती, छापलेली सूचना या एकीनेच वाचली. मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या की बाकीची मुलं अख्खं पान वाचतील तेवढ्या वेळात हिने तीन ओळी वाचल्या, हे मी विसरणार नाही. पण या तीन ओळी हिच्या स्वतःच्या आहेत, हेही विसरणार नाही. रेडिओ वर्गातच राहणार, पुढच्या वर्षी पाचवीत जाणार. प्रश्नपत्रिका मोठ्या टाइपात, मी वाचून दाखवणार, वेळ जास्त. आणि दुसरीतल्या दोन मुलांसाठी खिडक्या त्यांनी आजच माझ्याकडून मागून घेतल्या.

गठ्ठे परत छपाईला गेले. तरी सभेला अर्धा वर्ग कागदाच्या पाली खांद्याला लावून येणार आहे, अशी भित्तिपत्रकात बातमी आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस गं. डिसेंबरात तुझा चष्मा नवीन होता, डोळ्यांना सवय नव्हती, असं मी मोठ्या बाईंना सांगितलंय. सोबत रेडिओचं पत्र आहे. तिने ते एकटीने लिहिलंय. मी एका अक्षरालाही हात लावलेला नाही, त्यामुळे तू पाणी खरंच जवळ ठेव.

लोभ कमी होऊ देऊ नकोस, पालींवरचाही.
भिंगरी

~

तपासनीस आजीस,
सा. न.

मी रेडिओ. हे पत्र मी सवता लीहीते. कारकुन ला हात लाउ दीला नाही.

बाई महणाल्या तुमी खुप रागावला असाल. माझी पण चुक झाली की मला रडु येत. तुमी रडु नका. चुक सगळयांची होते महणुन तर खुणा आहेत ना.

धरी आईला सांगीतल तर तीने बस थांबवुन हसली. मग मला पुढे बसवल.

पालीच चीत्र काढल आहे. ती मिंतीवर आहे. तीच्या खाली ठीपके दीलेत.

लोम असावा.
रेडिओ

~

ता. १९ फेब्रुवारी

चि. रेडिओस,
अनेक आशीर्वाद.

मोठ्या अक्षरात लिहिते. ओळींत जागा सोडते. घाई करू नकोस. खिडकी घे. कंटाळा आला तर कारकुनाकडून वाचून घे. बोट मात्र तू ठेव.

चूक माझी आहे. चष्मा नवीन होता ही सबब तुझ्या बाईंनी मला देऊ केली. मी ती परत पाठवते. चष्मा चांगला आहे. झाले असे, की तिथे पाल्यांसह असणार हे मला आधीच माहीत होते, म्हणून मी कागदाकडे पाहिलेच नाही. तू पाहिलेस. सगळे हसत होते तरी पाहिलेस. मला नोकरीत ते जमले असते की नाही, कोण जाणे.

तुला वाचन पुढेही जड जाईल. हे खरे आहे, म्हणून सांगते. वेळ लागेल. लागू दे. बातम्या सांगायच्या थांबवू नकोस. भित्तिपत्रकाचा पुढचा अंक आता मी एकटी तपासणार नाही. आधी तू खिडकीतून बघायचेस, मग माझ्याकडे पाठवायचेस. आपण जोडीने काम करू. फक्त झोपी जायचे नाही.

पाल मी आरशाजवळ लावली आहे. रोज सकाळी तिला नमस्कार करते आणि मान खाली घालते.

आता तुझ्या पत्राविषयी. ते आले आणि सवयीने मी लाल पेनाचे टोपण काढले. पुष्कळ काम होते. पण आधी सगळे वाचावे म्हटले. वाचत वाचत शेवटच्या ओळीवर आले. तिथे तू लोम लिहिले आहेस. मी तळहात तोंडासमोर धरून तो शब्द म्हणून पाहिला. वाफ आली नाही, नाक गुणगुणले. तेव्हा तो म आहे, यात शंका नाही. शब्दकोशात लोम म्हणजे केस. म्हणजे आजीला केस असावेत, अशी तू विनंती केली आहेस. माझ्या वयात ती काही वाईट विनंती नाही.

खूण करायला पेन टेकवले आणि हात थांबला. आजवर मला ढीगभर पत्रे आली. सगळ्यांच्या शेवटी लोभ बिनचूक लिहिलेला होता. त्यातला किती खरा होता, देव जाणे. तुझा हा एक शब्द मी दिवसभर पुन्हा पुन्हा वाचला. मला रडू आले. तू रडू नका म्हणालीस, तरी आले.

मग मी त्या शब्दाखाली ठिपके दिले आणि पेनाला टोपण घातले. तुझ्या पत्रात तेवढीच एक लाल खूण आहे. ते मी परत पाठवणार नाही, माझ्याकडेच ठेवणार आहे.

बाईंना सांग, खालच्या ओळीला हात लावायचा नाही. ती तपासलेली आहे.

तुझ्यावर माझा लोम आहे. तो असाच असावा.

तुझी,
तपासनीस आजी